हातगुण आणि ऑक्सिजनचा हिशेब

‘अमक्या डॉक्टरांना हातगुण आहे’ असं आपण सहज म्हणून जातो. मला हा शब्द खटकतो. हातात दैवी गुण नसतो, असतो तो सराव. प्रश्न एवढाच, की तो सराव करायचा कोणावर? सुश्रुतसंहितेत याचं उत्तर आहे: छेद घ्यायला भोपळ्यावर आणि काकडीवर शिका, शीर टोचायला मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, पट्टी बांधायला माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर.

पण भोपळ्याचा श्वास अडकत नाही. चुकीला शरीरासारखं उत्तर देणारा पुतळा यायला संगणकाची वाट पाहावी लागली. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ तयार झाला. तो श्वास घेई, त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या लहानमोठ्या होत, आणि भूल देणारे डॉक्टर त्याच्या श्वासनलिकेत नळी घालायला शिकत.

आजच्या पुतळ्यांच्या आत जे गणित चालतं, ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. भुलीचं औषध दिलं की श्वास थांबतो, आणि नळी बसेपर्यंत शरीर साठ्यावर जगतं. साधा श्वास सोडल्यावर फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर हवा उरते. वायुकोशांतल्या हवेत ऑक्सिजन 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साठा जेमतेम 350 मिलिलिटर. विसावलेलं शरीर मिनिटाला 250 मिलिलिटर खर्च करतं. मिनिट-दीड मिनिटात खेळ संपला! तेच आधी तीन मिनिटं मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला, तर साठा दोन लिटरच्या वर जातो आणि निरोगी माणसात सात-आठ मिनिटं मिळतात.

खरी फसगत पुढे आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनसाठी चार जागा असतात. एक भरली की उरलेल्या भरणं सोपं होतं आणि एक सुटली की बाकीच्याही सुटू लागतात. म्हणून ऑक्सिजनचा दाब आणि भरलेल्या जागा यांचा आलेख सरळ न येता इंग्रजी ‘एस’सारखा वळतो. रक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकट्या ऑक्सिजनचा दाब, 100 मिमी पाऱ्यावरून 60वर आला, तरी संपृक्तता, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, 97वरून 90 टक्क्यांपर्यंतच उतरते. दाब आणखी 20ने घटला, की ती थेट 75! पठारावरून चालता चालता कडा लागावा तसं. मॉनिटरवर 94 पाहून ‘अजून वेळ आहे’ म्हणणारा विद्यार्थी त्या कड्यापाशीच उभा असतो. शिवाय बोटावरचं यंत्र रक्ताच्या काही सेकंद मागे असतं, त्यामुळे नळी बसल्यावरही आकडा थोडा वेळ घसरतच राहतो आणि घाबरलेला विद्यार्थी नीट बसलेली नळी काढून टाकतो.

पुतळा ही समीकरणं सतत सोडवत असतो. शिक्षकाने साठा कमी आणि खर्च जास्त केला, की तोच पुतळा गरोदर बाई होतो.

जाहिरातींत मात्र खऱ्यासारखी दिसणारी त्वचा आणि त्रिमितीय चष्मे मिरवले जातात. त्वचा हुबेहूब असली आणि आतला हिशेब कच्चा असला, तर विद्यार्थी चुकीचंच पक्कं शिकेल.

सराव संपल्यावर सगळे चित्रीकरण पाहायला बसतात. ‘पहिल्या प्रयत्नाला किती वेळ लागला?’ शिक्षक विचारतात. विद्यार्थी म्हणतो, अर्धं मिनिट. पडद्यावरचं घड्याळ दोन मिनिटं दाखवत असतं. पुढच्या फेरीत तो आधी मास्क लावतो आणि शेजारच्या नर्सला सांगतो, ‘दर तीस सेकंदांनी मोठ्याने वेळ सांगा.’