टोयोटाच्या हायब्रिडमधली छोटीशी सूर्यमाला

जपानी गाडी युरोपात का चालते विचारलं की उत्तर ठरलेलं, बिघडत नाही. पण का बिघडत नाही हे कुणी सांगत नाही, म्हणून टोयोटाच्या हायब्रिडचं, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं, पोट उघडून बघू.

आत मधोमध 30 दात्यांचं छोटं चाक, ते सूर्य. त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, ते ग्रह, आणि बाहेरून 78 दात्यांचं कडं (हे आकडे टोयोटाच्या जुन्या हायब्रिडचे, प्रियसचे). ग्रहांना धरणाऱ्या चौकटीला इंजिन जोडलेलं, सूर्याला जनरेटर, आणि कड्याला मोठी मोटर अन् गाडीची चाकं. इंजिनाचा साधारण 72 टक्के जोर थेट चाकांकडे जातो, उरलेला 28 टक्के जनरेटर फिरवतो आणि ती वीज पुन्हा मोटरलाच मिळते. गंमत म्हणजे जनरेटरचा वेग कमीजास्त केला की गाडी त्याच स्पीडला असताना इंजिन पाहिजे त्या आरपीएमला ठेवता येतं, म्हणजे गिअर बदलायचेच नाहीत, क्लच नाही, वेगळा स्टार्टरही नाही. जळायला क्लच प्लेटच नसेल तर जळणार काय?

इंजिनही जरा मुद्दाम सुस्त ठेवलेलं, व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, पेट्रोल वाचतं पण पिकअप मरतो, तो मोटर भरून काढते.

आता युरोप. प्रियस तिथं 2000 साली आली पण लोक डिझेलवर फिदा, बऱ्याच देशांत डिझेलला टॅक्स कमी, हायवेला ॲव्हरेज भारी, पुढं तर पश्चिम युरोपात निम्म्याहून जास्त नव्या गाड्या डिझेलच्याच. पण डिझेलच्या धुराचा फिल्टर साफ व्हायला भरपूर गरम व्हावा लागतो, आणि शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की तो चोंदतो. हायब्रिडचं नेमकं उलटं, सिग्नलला इंजिन बंद, ब्रेक मारला की बॅटरी चार्ज. 2015 ला फोक्सवॅगनचं धुराचं प्रकरण (चाचणीत डिझेलचा धूर कमी दाखवायची लबाडी) फुटलं आणि डिझेलचा बाजार घसरायला लागला, तेव्हा टोयोटाची छोटी यारिस हायब्रिड होऊन तयारच होती. 2021 ची युरोपियन कार ऑफ द इयर तीच. आणि ही जपानी गाडी बनते फ्रान्समध्ये, व्हॅलेन्सिएनला!

एक मात्र आहे, चढाला ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन एकाच सुरात रडत राहतं. पुण्यात कुणी मारुतीची ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड घेतली असेल तर विचारा, सिस्टिम टोयोटाचीच आहे.