डुकराच्या पिल्लाच्या लिम्फ नोडमधले द्राक्षाचे घड

"डुकराला काय होतंय, दिवसभर घाणीत लोळतं, त्याची इम्युनिटी एकदम लोखंडी!" हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. 1991 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात, चांगल्या निगराणीतल्या कळपात पिल्लं वाळायला लागली. दूध तुटलेली, दीड-दोन महिन्यांची पिल्लं, खाल्लेलं अंगी लागत नाही, पाठीचा कणा वर आलेला, आणि जांघेतल्या गाठी (लिम्फ नोड) मात्र टम्म सुजलेल्या. पुढे कारण सापडलं, पोर्साइन सर्कोव्हायरस टाइप 2, म्हणजे पीसीव्ही-2.

हा व्हायरस जेमतेम 17 नॅनोमीटरचा. डीएनए गोल, एकेरी, अक्षरं साधारण 1,768 (आपली 300 कोटी!). एवढ्याशा जागेत डीएनएची कॉपी काढायचं मशीन कुठून मावणार? मग तो पेशीचंच मशीन वापरतो, पण ते मशीन जोरात चालू असतं पेशी स्वतः विभागत असते तेव्हाच. आता सांगा, वाढत्या पिल्लाच्या अंगात पेशी धडाधड कुठे विभागतात? लिम्फ नोड, टॉन्सिल, प्लीहा, जिथे संरक्षणाचे लिम्फोसाइट तयार होतात तिथेच!

म्हणूनच जर्म-फ्री (एकही जंतू नसलेल्या) पिल्लांना नुसता हा व्हायरस दिला तर बहुतेकदा फारसं काही होत नाही, पण जोडीला दुसरा व्हायरस दिला किंवा इम्यून सिस्टीम मुद्दाम चेतवली की आजार उफाळतो. लिम्फोसाइट संपत जातात, त्यांच्या रिकाम्या जागेत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, घुसतात. मॅक्रोफेज व्हायरस गिळतात पण पचवू शकत नाहीत, तो आत तसाच साठत जातो, आणि रंग दिलेली स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली की त्यांच्या पोटात जांभळे गोळे दिसतात, एकाला एक चिकटलेले, थेट द्राक्षाचा घड. मग न्यूमोनिया, जुलाब, जे येईल ते पिल्लाला पाडतं.

2010 मध्ये बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसच्या एका लशीत पीसीव्ही-2 च्या भावाचे, पीसीव्ही-1 चे अंश सापडले, अमेरिकेने ती काही आठवडे थांबवली, तपासून परत सुरू केली. पीसीव्ही-1 ने खुद्द डुक्करही आजारी पडत नाही, तेव्हा "लशीत डुकराचा व्हायरस" एवढंच वाचून कृपया बाळाचा डोस चुकवू नका.

डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला आईच्या अँटीबॉडी मिळत नाहीत, मिळतात त्या चिकातून. काही आठवड्यांत त्या ओसरतात आणि व्हायरसला मोकळं रान मिळतं, म्हणून 2006 पासून बाजारात आलेली पीसीव्ही-2 ची लस पिल्लांना साधारण तिसऱ्या आठवड्यात टोचतात. लस घेतलेल्या पिल्लांच्या रक्तातही व्हायरस सापडतो, पण खूप कमी, आणि पिल्लं वाळत नाहीत.