डायक्लोफेनॅक : दुष्परिणाम व आंतरक्रिया

डायक्लोफेनॅक : स्टेरॉइड नसलेल्या दाहशामक वर्गातील वेदनाशामक औषध. त्याचा शोध १९६५ पासून १९७३ पर्यंत निरनिराळ्या वर्षी लागल्याचे सांगितले जाते आणि श्रेय आल्फ्रेड सालमान व रूडॉल्फ फिस्टर यांना, काही ठिकाणी सरसकट ‘सीबा-गायगी’ या स्विस औषधकंपनीला दिले जाते. ही जोडकंपनी १९७० मध्ये अस्तित्वात आली. त्यामुळे मूळ संशोधन गायगीचे, साठोत्तरी दशकाच्या मध्याचे मानणे अधिक सयुक्तिक होय. १९७३ हे साल बहुधा विक्रीपूर्व तयारीचे असावे, कारण जपानमध्ये ते १९७४ मध्ये बाजारात आले.

हे औषध सायक्लोऑक्सिजनेज विकराला (एन्झाइमला) रोखून प्रोस्टाग्लँडिनांची, म्हणजे वेदना व दाह वाढवणाऱ्या द्रव्यांची, निर्मिती घटवते. जठराच्या अस्तराचे रक्षण आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा यांसाठीही तीच द्रव्ये लागत असल्याने जठरव्रण, रक्तस्राव, अंगावर सूज व रक्तदाबवाढ हे दुष्परिणाम औषधाच्या गुणातूनच उद्भवतात. इंजेक्शन घेतल्यास जठराला धोका राहत नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. यकृताची विकरे काही रुग्णांच्या रक्तात वाढतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला १५० मिलिग्रॅम मात्रेने हृदयविकारादी घटनांचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्याचे दिसले. गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत ते वर्ज्य आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात, जिथे ऊसतोडीने कंबर आणि विडी वळून मान धरते, तिथे इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांचा प्रश्न डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांशी जोडलेला आहे. एक चिठ्ठी कोल्हापूरची, दुसरी बेळगावची असली, की एकच औषध दोन व्यापारी नावांनी पोटात जाऊ शकते. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि सोबत लघवीची गोळी घेणाऱ्यास डायक्लोफेनॅक दिल्यास मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. अतिसाराने किंवा उन्हातील कष्टाने शरीरातील पाणी घटले असेल, तर तो अधिकच. वॉरफॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध), स्टेरॉइड व नैराश्यावरील काही औषधांसह रक्तस्राव वाढतो. लिथियम (मनोविकारावरील औषध) व मेथोट्रेक्सेट (संधिवात, कर्करोग यांवरील औषध) यांची रक्तातील पातळी चढते. ॲस्पिरिनच्या रक्त पातळ ठेवण्याच्या गुणाला डायक्लोफेनॅक बाध आणते काय, याविषयी मतभेद आहेत. २००१ च्या एका अभ्यासात आयबुप्रोफेनने तसा अडथळा आणला, डायक्लोफेनॅकने नाही. तेच मत ग्राह्य वाटते. मात्र ॲस्पिरिन व डायक्लोफेनॅक एकत्र घेतल्यास जठराचा धोका वाढतो, याबद्दल वाद नाही.

गुरांना हे औषध दिले असता मृत जनावर खाणारी गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, म्हणून भारतात पशुवापरावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत असल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनाची कुपी ३ मिलिलिटर, एकाच मात्रेची ठरली. गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होणाऱ्या ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये पशुबंदी आली.