तामार (हिब्रू स्त्रीनाम)

तामार हे हिब्रू भाषेतील मुलीचे नाव आहे. अर्थ खजूर, झाडही आणि फळही. मराठी बायबलमध्ये ते ‘तामार’ असेच छापलेले असते. आजच्या हिब्रूत आघात दुसऱ्या अक्षरावर येतो, त्यामुळे पहिला ‘ता’ ऐकताना आखूड वाटतो. खजुरासाठी असलेला अरबी शब्द ‘तम्र’ हा याच घरातला. अरबांनी आपल्याकडच्या चिंचेला ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले आणि त्यावरूनच युरोपात ‘टॅमरिंड’ आले. नात्याने पाहिले तर तामार ही चिंचेची दूरची मावशी लागते.

प्राचीन इस्राएलात खजूर हे समृद्धीचे झाड होते. यरीहोला बायबल ‘खजुरीच्या झाडांचे नगर’ म्हणते. दबोरा ही न्यायाधीश खजुराखाली बसून निवाडे करी, गीतरत्नात प्रेयसीच्या सडसडीत बांध्याला खजुराची उपमा दिली आहे, आणि ९२व्या स्तोत्रात नीतिमान माणूस खजुरासारखा वाढतो असे म्हटले आहे. खजुराची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात व फळ फक्त मादीला धरते, त्यामुळे हे नाव मुलीला शोभावे यात नवल नाही. पुरुषांची तोमेर आणि इतामार ही नावेही याच झाडाशी जोडली जातात. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम पाडल्यावर सम्राट व्हेस्पेशियनने जी विजयाची नाणी पाडली, त्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली स्त्री दिसते. जिंकलेल्या प्रांताची ओळख पटवायला तेवढे पुरेसे होते.

बायबलमध्ये या नावाच्या तीन स्त्रिया आहेत. त्यांतल्या दोघींच्या कथा वाचल्यावर कोणते आईबाप हे नाव हौसेने ठेवतील असा प्रश्न पडतो.

पहिली तामार उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात भेटते. ती याकोबाचा मुलगा यहूदा याची सून. तिचा नवरा, यहूदाचा थोरला मुलगा एर, निपुत्रिक मेला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दिराने विधवा भावजयीशी संबंध ठेवून मृत भावाचा वंश चालवायचा असे. दीर ओनान याने ते जाणूनबुजून टाळले आणि तोही मेला. धाकटा शेला मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन राहा, असे यहूदाने तिला सांगितले. मनातून मात्र ही बाई पांढऱ्या पायाची, धाकटाही जाईल, अशी त्याला धास्ती होती. शेला मोठा झाला, पण बोलावणे काही आले नाही. मग यहूदा मेंढरांची लोकर कातरायला तिम्ना गावी निघाल्याचे कळताच तामारने विधवेची वस्त्रे उतरवली, तोंडावर बुरखा घेतला आणि ती वाटेवर जाऊन बसली. यहूदाने तिला वेश्या समजून एक करडू देण्याचे कबूल केले. ते येईपर्यंत गहाण म्हणून तिने त्याची मुद्रा, तिचा गोफ आणि हातातली काठी मागून घेतली. आजच्या भाषेत सही-शिक्का आणि ओळखपत्रच. तीनेक महिन्यांनी सून गरोदर असल्याची बातमी आली तेव्हा तिला बाहेर काढून जाळा, असे यहूदाने फर्मावले. तिने आरडाओरडा केला नाही. वस्तू सासऱ्याकडे पाठवल्या आणि या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मला दिवस गेले आहेत, एवढेच कळवले. ही माझ्यापेक्षा अधिक नीतिमान आहे, असे यहूदाला सगळ्यांदेखत कबूल करावे लागले. तिला जुळे झाले, पेरेस आणि जेरह. पेरेसच्या वंशात पुढे दावीद राजा जन्मला.

म्हणून या तामारच्या नावाला ज्यू परंपरेत कलंक मानत नाहीत. बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात तिचा वर बवाज याला लग्नाचा आशीर्वाद मिळतो तो, तुझे घर तामारने यहूदाला दिलेल्या पेरेसच्या घरासारखे होवो, असा. ही कथा सभास्थानात वाचावी आणि लोकांना समजेल अशा भाषेत तिचा अनुवादही करावा, असे मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात स्पष्ट सांगितले आहे. काही अवघड उतारे मात्र वाचायचे पण अनुवाद न करता सोडायचे असत. ख्रिस्ती बाजूला मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ आहे. बापांच्या त्या लांबलचक यादीत ज्या मोजक्या स्त्रियांची नावे आली, त्यांत तामार पहिली.

दुसरी तामार दाविदाची मुलगी. तिच्या कथेत तोड निघत नाही. सावत्र भाऊ अम्नोन आजारपणाचे सोंग करतो आणि तिच्या हातच्या पोळ्या खायच्या म्हणून तिला बोलावून घेऊन तिच्यावर बलात्कार करतो. असे इस्राएलात करत नाहीत, हे ती त्याला तोंडावर सुनावते. नंतर दुःखाने डोक्यावर राख टाकून, अंगावरचा राजकन्येचा झगा फाडून ती रडत निघून जाते. दावीद संतापतो, पण करत काहीच नाही. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो आणि दोन वर्षांनी अम्नोनाचा खून करवतो. तामार त्याच्या घरी उदास होऊन राहिली एवढे सांगून पुस्तक तिला सोडून देते. १९९०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल चर्चमध्ये उघड बोलता यावे म्हणून हाच अध्याय गटाने वाचण्याची मोहीम सुरू झाली, आणि तिला नावही तामारचेच मिळाले. तिसरी तामार ही अबशालोमची मुलगी. ती देखणी होती, यापलीकडे तिच्याबद्दल फारसे काही सांगितलेले नाही. बहिणीचे नाव त्याने लेकीला दिले, हे मात्र लक्षात राहते.

मध्ययुगात या नावाला खरा मान मिळाला तो कॉकेशसमध्ये, ज्यूंच्या बाहेर. जॉर्जियाचे बाग्रातिओनी राजघराणे आपला वंश थेट दावीद राजापर्यंत नेत असे, त्यामुळे तामार हे त्यांना घरचेच नाव. राणी तामार हिला वडील तिसरे गिओर्गी यांनी ११७८ मध्ये सहराज्यकर्ती केले. ११८४ ते १२१३ या काळात तिने एकटीने राज्य केले. जॉर्जियन भाषेत तिची पदवी ‘मेपे’, म्हणजे राजा, हीच राहिली. पहिला नवरा, रशियन राजपुत्र युरी, तिने घटस्फोट देऊन देशाबाहेर घालवला. दुसरा नवरा दावीद सोसलान सेनापती म्हणून चांगलाच कामी आला. वार्दझियाच्या कड्यात कोरलेल्या मठातल्या भित्तिचित्रात ती वडिलांच्या मागे उभी दिसते. शोता रुस्तावेलीने आपले महाकाव्य तिच्याच स्तुतीने सुरू केले. जॉर्जियन चर्च तिला संत मानते आणि ५० लारीच्या नोटेवर तिचे चित्र आहे. त्या देशात हे नाव आजही घरोघरी सापडते, शेजारच्या आर्मेनियातही.

तेथून ते ‘तमारा’ होऊन रशियात गेले. रशियन कवी लेर्मोंतोव्हच्या काव्यातली तमारा कॉकेशसचीच. सोव्हिएत काळात हे नाव अगदी सर्वसाधारण झाले. अमेरिकेत ‘टॅमी’ हे लाडके रूप १९६०च्या दशकात फार चालले, आणि त्यातल्या बहुतेकींना खजुराची कल्पनाही नसावी. तेथे मूळ रूप तुलनेने कमी. गायिका टमार ब्रॅक्स्टन हे त्यातले ठळक उदाहरण.

युरोपातल्या ज्यू घरांत सारा, रिवका, राहेल, लेआ यांच्या मानाने तामार मागेच होती. विसाव्या शतकात हिब्रू पुन्हा बोलती झाली, झाडाफुलांची छोटी हिब्रू नावे रुळली आणि तिचे दिवस पालटले. इस्रायलची केंद्रीय सांख्यिकी संस्था दरवर्षी नवजात मुलांच्या नावांची यादी काढते. ज्यू मुलींच्या यादीत बरीच वर्षे नोआ आघाडीवर होती. २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात तामार एकापेक्षा अधिक वेळा पहिली आली. याचे कारण उघड दिसते. धार्मिक घराला त्यात दाविदाची पूर्वज दिसते, तर पोथीशी संबंध नसलेल्याला फक्त झाड. दोन्ही गटांना चालणारी नावे त्या देशात कमीच. राजकारणी तामार झांडबर्ग २०२१-२२ मध्ये पर्यावरणमंत्री होत्या.

कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींची बरीच घरे इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या दिमोना गावात आहेत, आणि त्या गावालगत मृत समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रादेशिक परिषदेचे नाव तामार आहे. प्राचीन यहूदी किल्ला मसादा तिच्याच हद्दीत येतो. तेथील १९६०च्या दशकातील उत्खननात सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बिया मिळाल्या. त्यांपैकी एक २००५ मध्ये रुजली आणि उगवले नर झाड. अशाच दुसऱ्या प्राचीन बीपासून वाढलेल्या मादी झाडाला त्याचे पराग देऊन २०२० मध्ये फळ घेण्यात आले. त्या रोपांना मथूशलह, हन्ना, योना, बवाज, यहूदीत अशी नावे दिली आहेत. तामार त्यांत नाही. खजुराला खजूर काय म्हणायचे, असा विचार झाला असेल.

हैफाच्या पश्चिमेस समुद्रात २००९ मध्ये सापडलेल्या मोठ्या वायुसाठ्यालाही तामार म्हणतात. ते एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या नातीचे नाव. त्याच वर्षी सापडलेल्या दुसऱ्या, लहान साठ्याला त्याच्या मुलीचे नाव मिळाले, दालित. हेही हिब्रू स्त्रीनामच; मराठीतल्या ‘दलित’शी त्याचा संबंध नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉल आणि डेव्हन यांच्या सीमेवरून वाहणारी टेमार नदीसुद्धा या कुळातली नव्हे. तिचे नाव बायबल तेथे पोहोचण्यापूर्वीचे आहे.