अपक्ष इच्छुकांसाठी पक्षाची उमेदवारी : पात्रता, कागदपत्रे आणि एबी फॉर्म

अपक्ष लढण्याची तयारी ठेवून मोठ्या पक्षाकडे विधानसभेची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकाने आधी पक्षाचे सदस्यत्व घ्यावे. निवडणूक चिन्हे आदेश, 1968 नुसार अधिकृत उमेदवाराचे नाव पक्षाच्या सदस्य नोंदवहीत असावे लागते. सदस्यत्व किती जुने हवे, हे आदेश विचारत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे बूथ सांभाळणाऱ्या निष्ठावंताला डावलून आदल्या रात्री प्रवेश केलेल्याला तिकीट देणे नियमात बसते, तरी ते अन्यायाचेच आहे. निवडून आलेल्या अपक्ष आमदाराने मात्र राजीनाम्याआधी पक्षप्रवेश केल्यास तो संविधानाच्या दहाव्या अनुसूचीनुसार (पक्षांतरबंदी कायदा) अपात्र ठरतो.

उमेदवाराचे वय किमान 25 वर्षे असावे आणि नाव राज्यातील मतदार यादीत असावे. नमुना 2-ब मधील अर्ज, नमुना 26 मधील शपथपत्र आणि 10 हजार रुपये अनामत (अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 हजार) लागते. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातील मतदार असल्यास त्या यादीची प्रमाणित प्रत, तर हातकणंगलेसारख्या राखीव मतदारसंघात जातीचा दाखलाही जोडावा.

खरी कसोटी एबी फॉर्मची असते. ए फॉर्ममध्ये पक्षातर्फे उमेदवारीवर सही कोण करणार हे, तर बी फॉर्ममध्ये अधिकृत उमेदवार कोण हे पक्ष कळवतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचलाच पाहिजे. त्यावरील सही शाईची हवी, रबरी शिक्क्याची चालत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातील दहा मतदार लागतात. एकाच सूचकावर विसंबलेल्याचा बी फॉर्म आला नाही, तर छाननीत अर्ज बाद होतो. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येत असल्याने त्यांतला एक तरी दहा सूचकांच्या सह्यांनी भरावा, असा आमचा आग्रह आहे.

2024 मध्ये कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसने आधी राजेश लाटकर यांचे नाव जाहीर केले आणि नंतर मधुरिमाराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. मधुरिमाराजेंनी 4 नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, अर्ज मागे घेतला. बी फॉर्मची मुदत तोवर संपली होती, म्हणून पक्षाला अपक्ष लाटकरांना पाठिंबा देता आला, 'हात' चिन्ह देता आले नाही. अशा प्रसंगासाठी बी फॉर्मवर पर्यायी उमेदवाराचे नाव लिहिण्याची सोय आहे. मात्र मुख्य उमेदवाराचा अर्ज वैध ठरल्यावरही पर्यायी उमेदवाराचा अर्ज टिकावा, यासाठी त्यावरही दहा सूचकांच्या सह्या असाव्या लागतात.