ब्रिटनचं रेशन पुस्तक: १९४० च्या व्यवस्थेची पार्श्वभूमी

८ जानेवारी १९४० रोजी ब्रिटनमध्ये बेकन (डुकराचं खारवलेलं मांस), लोणी आणि साखर रेशनवर आली. माणशी आठवड्याला बेकन ४ औंस, लोणी ४ औंस, साखर १२ औंस. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. युद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. सरकार इतक्या लवकर तयार होऊ शकलं, कारण पहिल्या महायुद्धात हेच काम करायला फार उशीर झाला होता.

१९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा सरकारने आधी लोकांना आपणहून कमी खाण्याचं आवाहन केलं. त्याने काही साधलं नाही. हिवाळ्यात लोणी, मार्गारीन, चहा आणि मांसासाठी लांबच लांब रांगा लागल्या. पाठीशी चूल आणि पोरं असलेली बाई रांगेत तासन्‌तास उभी राही आणि तिचा नंबर येईपर्यंत माल संपलेला असे. लॉर्ड ऱ्हाँडा अन्ननियंत्रक झाल्यावर १९१८ च्या सुरुवातीला साखर, मग लंडन परिसरात मांस आणि लोणी, आणि जुलैपर्यंत देशभर रेशनिंग आलं. रांगा ओसरल्या. टंचाईपेक्षाही ‘शेजारणीला मिळालं, मला नाही’ ही भावना लोकांना जास्त जाळते, हा धडा अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवला. १९३६ मध्येच व्यापार खात्यात युद्धकालीन अन्नयोजनेसाठी वेगळा विभाग उघडला गेला आणि रेशन पुस्तकं युद्धाआधीच छापून ठेवली गेली. २९ सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदणीतून घरोघरची नावं मिळाली, त्यावरून पुस्तकं वाटली गेली.

या व्यवस्थेतली खरी हुशारी दुकानाच्या नोंदणीत होती. प्रत्येक कुटुंबाने एक वाणी आणि एक खाटीक निवडून पुस्तकावर त्याचं नाव घालून घ्यायचं. ज्या दुकानात जितकी गिऱ्हाइकं नोंदलेली, त्या हिशेबाने त्याला माल मिळे. त्यामुळे साखरेसाठी पळापळ करायचं कारण उरलं नाही, आपला वाटा आपल्याच दुकानात असे. उलट, वाण्याशी पटलं नाही तरी मनात आलं म्हणून दुसरीकडे जाता येत नसे. घर बदललं तर अन्न कार्यालयात जाऊन नोंदणी बदलावी लागे. प्रौढांचं पुस्तक बदामी, ५ ते १६ वयाच्या मुलांचं निळं, तर गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांचं हिरवं. हिरव्या पुस्तकावर दूध, अंडी आणि संत्र्यांत पहिला हक्क असे.

मांसाचं माप वजनात नव्हतं, किमतीत होतं. मार्च १९४० मध्ये माणशी आठवड्याला १ शिलिंग १० पेन्स, पुढे बहुतेक काळ १ शिलिंग २ पेन्स. स्वस्त तुकडा घेतला तर जास्त मांस हाती पडे, म्हणून बायका जाड धाग्याचं मांस घेऊन ते मंद आचेवर तासन्‌तास शिजवत. काळीज, मूत्रपिंडं आणि सॉसेज रेशनबाहेर होते, त्यामुळे ते कुणाला द्यायचे हे खाटकाच्या मर्जीवर राही. मांस न खाणाऱ्यांना मांस-बेकनचा हक्क सोडून जादा चीज घेता येई. आणि युद्ध संपेपर्यंत पाव आणि बटाटे यांना हात लावला गेला नाही. पोट भरायची खात्री होती म्हणून बाकीची काटकसर लोकांनी सोसली, असं माझं ठाम मत आहे. १९४२ पासूनचा ‘नॅशनल लोफ’ हा सरकारी पाव मात्र करडा आणि ओलसर होता. गव्हाचा ८५ टक्के भाग पिठात ठेवल्याने जहाजांतली जागा वाचे, पण पांढऱ्या पावाची सवय असलेल्यांना तो आवडला नाही.

डबाबंद मांस-माशांसाठी डिसेंबर १९४१ मध्ये पॉइंट, म्हणजे आपल्या पसंतीच्या मालावर खर्चायचे गुण, आले, पुढे डाळी आणि सुका मेवाही त्यांवर आला; सुरुवातीला चार आठवड्यांना १६ पॉइंट मिळत. एका माशाच्या डब्यातच ते संपू शकत. कशाला मागणी फार झाली की त्याचे पॉइंट वाढवायचे, पडून राहिलं की घटवायचे. यातही निवड गिऱ्हाइकाची राही.

अंड्याची पूड १९४२ मध्ये अमेरिकेतून आली. एका पाकिटात बारा अंड्यांएवढी पूड, साधारणपणे चार आठवड्यांना एक पाकीट. एक सपाट मोठा चमचा पूड आणि दोन चमचे पाणी म्हणजे एक अंडं. पूड शिगोशीग घेतली की ऑम्लेट चामड्यासारखं होई आणि पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या होत. म्हणून आधी थोड्या पाण्यात घोटून घ्यायची, मग उरलेलं पाणी घालायचं. कालवलेलं अंडं लगेच वापरायचं, ठेवलं की नासे. केकमध्ये तर पूड कोरडीच पिठात मिसळत, पाणी नंतर.

रांगा पूर्णपणे संपल्या नाहीत, त्या मासळीसारख्या रेशनबाहेरच्या वस्तूंकडे सरकल्या. कांदा मुख्यतः फ्रान्समधला ब्रिटनी प्रांत आणि चॅनल बेटं इथून येई, १९४० मध्ये तो भाग जर्मनांकडे गेला आणि कांदा दुर्मीळ झाला. एकट्या माणसाचे हाल वेगळेच. लोण्याचा वाटा पुढे दोन औंसांवर उतरला होता. चार जणांचे दोन-दोन औंस लोणी एकत्र केलं तर निदान काहीतरी भाजता येतं, एकट्याच्या दोन औंसांत ते जमत नाही. शिवाय उपाहारगृहात कूपन लागत नसे, म्हणजे पैसेवाल्याला बाहेर जेवता येई. त्यावरच्या रागामुळे १९४२ मध्ये एका जेवणाला ५ शिलिंगांची कमाल मर्यादा आली.

१९४३ मध्ये मुंबईतही रेशनिंग सुरू झालं आणि ‘रेशन’ हा शब्द आपल्या घरांत रुळला. ब्रिटनमध्ये युद्धात मोकळा राहिलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षं तसाच राहिला. पहिल्याच यादीतलं बेकन मात्र मोकळं झालं ते मांसाबरोबर, अगदी शेवटी, ४ जुलै १९५४ ला.