अटळ उमेदवार (अमेरिकी प्राथमिक निवडणूक)

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मिळवण्याच्या चढाओढीत, एकही मत पडण्याआधी जनमत चाचण्या, निधी आणि बड्या नेत्यांचा पाठिंबा या तिन्हींत पुढे असलेला इच्छुक. वृत्तपत्रे त्याला 'आघाडीवरचा' म्हणतात. त्याचे प्रचारक त्यापुढे जाऊन 'आता दुसरे कोणी येणे शक्य नाही' असे सांगत फिरतात. आघाडी मोजता येते. अटळपणा मात्र प्रचाराचा माल आहे. देणगीदाराने दुसऱ्याला चेक लिहू नये आणि काठावरच्या आमदार-खासदारांनी लवकर आपल्या मांडवात यावे, एवढ्यासाठी तो विकला जातो.

ही कल्पना फार जुनी नाही. 1968 पर्यंत उमेदवार बव्हंशी पक्षाचे पुढारीच ठरवत. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारे मतदान) न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. अधिवेशनाबाहेर आंदोलक आणि पोलिसांची धुमश्चक्री चालू होती. त्यानंतर नियम बदलले आणि निर्णय राज्याराज्यांतील मतदारांकडे गेला. दिल्लीहून आलेली यादी वाचून तिकीट कोणाला ते कळण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे जरा अजब वाटेल, पण तिथे पक्षश्रेष्ठींची पसंती हा फक्त एक घटक उरला.

नव्या नियमांचा पहिला बळी 1972 सालीच पडला. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की यांच्याकडेच उमेदवारी जाणार असे सगळे धरून चालले होते. न्यू हॅम्पशायरची निवडणूक त्यांनी जिंकलीही. पण शेजारच्या राज्यातून निम्म्याहून अधिक मतांची अपेक्षा असताना 46 टक्के मिळाली, आणि 37 टक्के मिळवणारे जॉर्ज मॅकगव्हर्न बातमीचा विषय झाले. पत्नीवर टीका करणाऱ्या वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर भर बर्फात बोलताना मस्की रडले, की गालावर बर्फ वितळत होता, हा वाद आजही मिटलेला नाही. आठवड्याभरात फ्लोरिडात ते चौथे आले. शेवटी उमेदवारी मॅकगव्हर्न यांना मिळाली.

तरीही या विषयाचा खरा धडा 2008 चा. 2007 च्या शरद ऋतूत देशव्यापी चाचण्यांत हिलरी क्लिंटन बराक ओबामांच्या कितीतरी पुढे होत्या. 5 फेब्रुवारीच्या 'सुपर ट्यूसडे'ला, म्हणजे अनेक राज्ये एकाच दिवशी मतदान करतात त्या मंगळवारी, सगळे आटोपेल, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. प्रचाराची आखणीही त्याच तारखेपर्यंतची. सर्वांत आधी कौल देणारे आयोवा राज्य सोडून द्यावे, असे सुचवणारे त्यांच्याच प्रचार कार्यालयातले टिपण मे 2007 मध्ये फुटले. मग आयोवातून माघार घेण्याची सोयही राहिली नाही.

आयोवात गुप्त मतदान नव्हते, 'कॉकस' होते. थंडीतल्या संध्याकाळी गावकरी शाळेच्या किंवा चर्चच्या सभागृहात जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहत. डोकी मोजली जात. साधारणपणे 15 टक्क्यांच्या खाली राहिलेला गट बाद होई, आणि त्यातल्या माणसांना शेजारी-पाजारी हाका मारून आपल्या कोपऱ्यात ओढत. दूरध्वनीवर 'तुमची पसंती कोण' विचारणाऱ्या चाचणीत ही दुसरी पसंती दिसत नाही, आणि ऐन थंडीत घराबाहेर पडायची तयारी किती, हेही दिसत नाही. 3 जानेवारी 2008 रोजी सुमारे 2 लाख 39 हजार लोक आले, 2004 च्या जवळजवळ दुप्पट. ओबामा पहिले, जॉन एडवर्ड्स दुसरे, क्लिंटन किंचित फरकाने तिसऱ्या.

पाचच दिवसांनी क्लिंटन यांनी न्यू हॅम्पशायर जिंकले, तेव्हा एका पराभवाने त्या संपल्या असे म्हणता येत नाही. त्या हरल्या त्या हिशेबात. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी, म्हणजे अधिवेशनात उमेदवार निवडणारी माणसे, मतांच्या प्रमाणात वाटले जातात. सुपर ट्यूसडेला क्लिंटन यांनी न्यू जर्सीसारखे मोठे राज्य जिंकून ओबामांपेक्षा 11 प्रतिनिधी जास्त मिळवले. ओबामांनी त्याच दिवशी चिमुकल्या आयडाहोच्या कॉकसमध्ये 12 ची आघाडी घेतली. 5 फेब्रुवारीनंतरची तयारी कोणाकडे होती, हे त्या महिन्यात दिसले: ओबामांनी लागोपाठ लढती जिंकल्या, आणि क्लिंटन यांनी स्वतःचे 50 लाख डॉलर प्रचाराला उसने दिल्याचे बाहेर आले. 7 जूनला त्यांनी माघार घेतली.

यावरून आघाडी म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा, असे समजणेही चूक. 2000 मध्ये अल गोर यांनी एकही लढत गमावली नाही. 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प चाचण्यांत पुढे होते आणि शेवटपर्यंत पुढेच राहिले. पैसा मात्र एकटा पुरत नाही: जेब बुश यांच्या समर्थक समितीने 10 कोटी डॉलरहून अधिक जमवले, तरी फेब्रुवारी 2016 मध्ये साउथ कॅरोलायनानंतर त्यांना घरी जावे लागले. नाव माहीत असणे म्हणजे पाठिंबा असेही नाही. न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी 2007 भर रिपब्लिकन चाचण्यांत वर होते. पहिली राज्ये सोडून त्यांनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, आणि तिथे ते तिसरे आले.

चाचणीतल्या टक्क्यांपेक्षा पहिल्या तडाख्यानंतर कोण सोबत उरते, हे पाहणे अधिक उपयोगाचे. 1984 मध्ये वॉल्टर माँडेल न्यू हॅम्पशायरला गॅरी हार्ट यांच्याकडून हरले, पण कामगार संघटना आणि पक्षयंत्रणा हलली नाही. उमेदवारी त्यांनाच मिळाली. जॉर्ज डब्ल्यू. बुश 2000 मध्ये त्याच राज्यात जॉन मॅकेन यांच्याकडून सपाटून हरले आणि तरले. 2020 मध्ये जो बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे होते; त्यांचा खरा आधार असलेले कृष्णवर्णीय मतदार या दोन्ही राज्यांत फारसे नव्हतेच. 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात हे मतदार मतदानाला बाहेर पडले, बायडन जिंकले आणि तीन दिवसांत चित्र पालटले.

प्राथमिक निवडणुका संपल्या म्हणजे तरी उमेदवार अटळ होतो का? 2024 मध्ये बायडन यांनी जवळजवळ सगळे प्रतिनिधी मिळवले आणि 21 जुलैला शर्यत सोडली. प्रतिनिधींनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवार केले. अध्यक्षपदाच्या उमेदवार म्हणून त्या वर्षी त्यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नव्हती. ऑगस्टमध्ये त्यांनी उमेदवारी स्वीकारली ती शिकागोतच.